टेपवरचा चोविसावा इंच

मास्तर ध्यानाला बसतात तेव्हा मला त्यांचे फक्त पाय दिसतात. बाकीचे मास्तर ट्रायल रूमच्या पडद्याआड असतात. ट्रायल रूम हे आपलं म्हणायला. खरं तर दुकानाचा एक कोपरा, तीन बाजूंना तीन आरसे, मधे एक स्टूल आणि दांडीवरून सोडलेला जाड पडदा. तो पडदा जमिनीपासून चांगला वीतभर आखूड आहे. शिवणकामाच्या दुकानातला पडदा आखूड निघावा, यावर मी काय बोलणार!

मी या दुकानात इस्त्री करते. एकोणीस वर्षं झाली. माझं टेबल ट्रायल रूमच्या समोरच असल्याने पडद्याखालचे पाय बघून माणूस ओळखायची मला सवय आहे. कपडा बसला की गिऱ्हाईक टाचांवर उभं राहतं, नाही बसला की चवड्यांवर. मास्तरांचे पाय मात्र पहिल्या दिवशी दोन्ही जागी नव्हते. ते नुसते नाचत होते. उजव्या पायाचा अंगठा डाव्या पायावर चढत होता, डावा पाय त्याला झटकून टाकत होता. पाच मिनिटं मी हे बघितलं आणि म्हटलं, "मास्तर, आत मुंग्या झाल्यात का?"

"ताई, मी शांत बसलोय!" आतून असा आवाज आला की इस्त्री माझ्या हातातून निसटता निसटता राहिली.

मास्तर म्हणजे आमचे कटिंग मास्तर, दुकानही त्यांचंच. कोट कापण्यात त्यांचा हात धरणारं आसपास कुणी नाही, हे मी त्यांच्या तोंडावर कधी म्हणणार नाही, पण इथे लिहून ठेवते. त्यांचा घोटाळा एवढाच होता की माणूस कापडाशी आणि डोकं भलतीकडेच. कात्री चालू असताना त्यांचे ओठ हलायचे. ते मनातल्या मनात भांडायचे. कधी घरासमोर गाडी लावणाऱ्या शेजाऱ्याशी, कधी तीन वेळा येऊनही पंखा दुरुस्त न करणाऱ्या मिस्त्रीशी, आणि बहुतेक वेळा मेव्हण्याशी. तो मेव्हणा तिकडे दुसऱ्या गावात सुखाने दोन घास खात असायचा आणि इकडे मास्तर त्याला निरुत्तर करत असायचे. भांडण रंगात आलं की मास्तरांचे कान लाल व्हायचे. मग समोर जो सापडेल त्याच्यावर ते घसरायचे. एकोणीस वर्षांत मी त्यांच्या मेव्हण्याच्या वाटच्या किती शिव्या खाल्ल्या, याची गणतीच नाही.

पण माझं सोडा. मी उलट बोलते. बेबी बोलत नव्हती.

बेबी ही मास्तरांची एकुलती एक लेक. तिशी उलटली, लग्न झालं, तरी सगळे तिला बेबीच म्हणतात. ती आमच्याच दुकानात खिडकीजवळच्या मशीनवर बसायची आणि बापाने कापलेले कोट शिवायची. तिचा हात बापाहून शांत. कोटाची बाही खांद्याला लावताना एक बारीकशी फुगवट मुरवावी लागते, ती भल्याभल्यांना जमत नाही. बेबी ती बोलता बोलता मुरवायची. मला मावशी म्हणायची आणि माझ्या डब्यातली भाजी न विचारता खायची.

आता इथे आमच्या दुकानातला एक नियम सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. काही कापडांची सुलट आणि उलट बाजू इतकी सारखी असते की दिव्याखाली कळत नाही, उन्हात धरली तरच कळते. म्हणून कापणारा प्रत्येक तुकड्याच्या उलट बाजूला खडूने फुली मारतो. फुली ज्या बाजूला, ती बाजू आत. शिवणाऱ्याने कापडाकडे बघायचं नाही, डोकं चालवायचं नाही, फुली मानायची. दोघांनी डोकं चालवलं की घोळ होतो, असं मास्तरच सगळ्यांना शिकवत आले.

वकीलसाहेबांनी एकदा कोटाचं कापड आणलं. काळं, भारी, पण जरा आखूड. एरवी कापड दुमडून दोन्ही बाह्या एकदम कापतात, म्हणजे डावी-उजवी आपोआप निघते. इथे कापड पुरेना, म्हणून मास्तरांनी एकेक बाही वेगळी कापली. अशा वेळी दुसऱ्या बाहीला कागदी नमुना उलटा करून ठेवायचा असतो. त्या दिवशी मेव्हण्याशी फार जोरात चाललं असावं, कारण मास्तरांनी नमुना उलटा केलाच नाही. एकाच हाताच्या दोन बाह्या निघाल्या. मग नेहमीच्या सवयीने त्यांनी त्या टेबलावर समोरासमोर जोडीने मांडल्या. जोडी जुळावी म्हणून एक बाही उलटली गेली, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही, आणि दोन्हींवर वरून फुली मारून ते मोकळे झाले. एक फुली बरोबर पडली, दुसरी कापडाच्या चांगल्या बाजूवर. बेबीने फुली मानली आणि शिवलं.

ट्रायलला वकीलसाहेब खिडकीशी उभे राहिले. ऊन पडलं होतं. एक बाही चमकत होती, दुसरी मळकट दिसत होती.

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुला उलट-सुलट कळत नाही? एवढी वर्षं काय शिकलीस?" सगळ्या दुकानासमोर, गिऱ्हाइकासमोर त्यांनी तोंडाचा पट्टा सोडला.  बेबीने कच्ची शिलाई तिथल्या तिथे उसवली, बाही उलगडली आणि बापासमोर धरली. "बाबा, फुली बघा."

फुली चमकदार बाजूवर होती. मास्तरांनी बाही हातात घेतली, बघितली, आणि अंगठ्याने फुली पुसली. "कुठाय फुली?"

माझं टेबल तिथून दोन हातांवर. मी तो अंगठा बघितला. पांढरा झालेला होता. मी मूग गिळून गप्प बसले. का, ते पुढे सांगते. सांगण्यासारखं काही नाही त्यात, पण सांगते.

बेबीने कात्री खाली ठेवली, डबा उचलला आणि ती गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्या दिवशी आली नाही. वकीलसाहेब चार ठिकाणी बोलले असणार, कारण कोटाचं काम करणारी दुसरी दोन दुकानं होती, त्यांनी तिला घेतलं नाही. ज्या मुलीला कापडाची उलट-सुलट कळत नाही तिला कोण कोट देईल? शेवटी ती दोन गल्ल्या पलीकडे पडदे शिवायला लागली. सरळ शिलाई, वरून खाली, वरून खाली. मी एकदा भेटायला गेले तर म्हणाली, "मावशी, कधीकधी मलाच वाटतं, फुली खरंच नव्हती की काय."  तरी मी बोलले नाही. म्हटलं, बापलेकीच्या मधे आपण कशाला?

आईला भेटायला ती घरी यायची, तीही बाप दुकानात असताना.

तीन महिन्यांनी मास्तरांना टेबलापाशीच भोवळ आली. डॉक्टरांनी रक्तदाब बघितला आणि पुन्हा बघितला, इतका तो वर गेला होता. "गोळी मी देतो," ते म्हणाले, "पण डोकं तुम्हालाच थांबवावं लागेल. रोज वीस मिनिटं एका जागी गप्प बसा. डोळे मिटा, श्वास मोजा."

मास्तर म्हणाले, "गप्प तर मी दिवसभर असतो, डॉक्टर."

हे ऐकून वहिनींना, म्हणजे मास्तरांच्या बायकोला, इतकं हसू आलं की त्यांना खोलीबाहेर जाऊन पाणी प्यावं लागलं. हे त्यांनीच मला सांगितलं.

घरी बसणं काही जमेना. वहिनी काळजीपोटी दर दोन मिनिटांनी दार ढकलून विचारायच्या, "झालं का शांत?" म्हणून मास्तर सकाळी दुकान उघडायच्या आधी येऊन ट्रायल रूममध्ये बसू लागले. मी इस्त्री तापवायला लवकर येतेच. त्यांची पहिली तक्रार आरशांबद्दल होती. डोळे उघडले की तीन मास्तर आपल्याकडे रोखून बघतात, म्हणाले. मी म्हटलं, आम्ही एकालाच कंटाळलोय. मग ते पडद्याकडे तोंड करून बसायला लागले. दुसरी तक्रार माझ्या इस्त्रीची, ती फुसफुसते म्हणून. तिसरी श्वासाची. मोजायला गेलं की आकडा चुकतो.

त्यावर उपाय त्यांनीच काढला. गळ्यातली टेप हातात घ्यायची. एक श्वास, अंगठा एक इंच पुढे. मन भरकटलं की पुन्हा पहिल्या इंचावर. टेप साठ इंचांची. साठाला पोचलो की झालं, असं त्यांनी ठरवलं. वीस मिनिटंबिनिटं गेली उडत.

पहिल्या महिन्यात ते सातच्या पुढे गेले नाहीत.

"आज कुठवर?" पडदा सरकला की मी विचारायची.

"सात. सातव्या इंचावर पंखेवाला आला."

"सात म्हणजे मनगट झालं, मास्तर. गळा कधी व्हायचा?"

ही आमची रोजची चेष्टा होऊन बसली. सात म्हणजे मनगट, पंधरा म्हणजे गळा, चौतीस कंबर, चाळीस छाती. मास्तर चिडायचे, पण खोटं कधी बोलले नाहीत. पाचाला भरकटले तर पाच सांगायचे. एक दिवस त्यांनी मान खाली घालून सांगितलं, "दोन." मी विचारलं, "दोनमध्ये कोण आलं?" तर म्हणाले, "तुम्ही. तुमचं ते मनगट." मला हसू आवरेना. मग त्यांनाही आवरेना. हा माणूस सकाळी सकाळी हसतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

हळूहळू गळा झाला. पायांवरूनही कळायचं. आधी बोटं नाचायची, मग नुसती टाच हलायची, मग तीही जमिनीला टेकली. कापताना ओठ हलायचे थोडे कमी झाले. एका सकाळी बाहेर येऊन म्हणाले, "ताई, मेव्हणा आला आणि गेला. मी काही बोललोच नाही." परीक्षेत पास झाल्यासारखा चेहरा झाला होता.

मला मात्र एक गोष्ट खटकायची. मेव्हणा यायचा, शेजारी यायचा, पंखेवाला यायचा, शाळेतला कुठला चाळीस वर्षांपूर्वीचा मुलगा येऊन जायचा. जिची मशीन चार हातांवर झाकून ठेवली होती, ती कधीच यायची नाही.

मग एकदा पडदा सरकला तो नेहमीपेक्षा सावकाश. मास्तरांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. मी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"ताई, बेबी आली."

मी दाराकडे बघितलं.

"तिथे नाही. चोविसाव्या इंचावर."

दुसऱ्या दिवशी मास्तर ध्यानाला बसले नाहीत. टेप सापडत नाही म्हणाले. टेप गळ्यात होती. पुढचे तीन दिवस त्यांनी कारणं काढली. गुडघा दुखतो, स्टूल डुगडुगतं, डॉक्टरांना काय कळतं. चौथ्या दिवशी कापताना ओठ पुन्हा हलायला लागले आणि दुपारी त्यांनी काजं करणाऱ्या बाईला विनाकारण झापलं. झापलं आणि स्वतःच दचकले. पाचव्या सकाळी पुन्हा पडद्याआड गेले.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी विसरणार नाही. तेवीसपर्यंत पाय दगडासारखे स्थिर असायचे, आणि मग एकदम हलायचे. पडदा सरकायचा. "तेवीस." रोज तेवीस. मी मनगट-गळ्याची चेष्टा बंद केली. कोटाची बाही साधारण चोवीस इंच असते, हे मला ठाऊक होतं आणि त्यांना तर होतंच.

मग एका सकाळी पाय हललेच नाहीत. पाच मिनिटं गेली, दहा गेली. इस्त्री तापून लाल व्हायची वेळ आली तरी मी ती कापडाला लावली नाही, फुसफुस नको म्हणून. आतून नाक ओढल्याचा आवाज आला. मी जागची हलले नाही. बऱ्याच वेळाने पडदा सरकला.

"आज पळालो नाही," मास्तर म्हणाले. डोळे लाल होते, पण चेहरा मोकळा होता. ते स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होते. "ताई, फुली होती. मी पुसली. मला तेव्हाच कळलं होतं."

"माहीत आहे," मी म्हटलं. "मी बघितलं होतं."

मास्तरांनी वर बघितलं. "मग बोलला का नाहीत?"

मघाशी पुढे सांगते म्हटलं होतं, ते हे. मी बोलले नाही, कारण त्या दिवशी माझ्या हातून एका पँटला डाग पडला होता आणि मास्तरांचं लक्ष तिकडे जाऊ नये असं मला वाटत होतं. एवढंच. एका पँटसाठी मी त्या पोरीला एकटं सोडलं. मी हे त्यांना जसंच्या तसं सांगितलं. सांगताना मान वर होईना. मला वाटलं, आता घसरतील माझ्यावर, आणि घसरले असते तर मला बरंच वाटलं असतं.

मास्तर म्हणाले, "चला."

"कुठे?"

"जिथे ती आहे तिथे. सगळ्यांसमोर बोललो होतो. सगळ्यांसमोरच सांगायला हवं."

दुकानाला कुलूप लावून आम्ही निघालो. दोन गल्ल्या काही लांब नाहीत, पण मास्तर तीनदा चपलेचा पट्टा नीट करायला थांबले. पडद्यांच्या दुकानात पाच-सहा जणी मशीनवर होत्या, मालक दारात होता. बेबीने वर बघितलं आणि तिचा पाय मशीनवरून सुटला.

मास्तरांनी घसा खाकरला. "मी हिचा बाप. ही माझ्याकडे कोट शिवायची. एका कोटाची बाही उलटी लागली आणि मी हिला सगळ्यांसमोर बोललो. चूक माझी होती. फुली मी चुकीच्या बाजूला मारली होती. हिने दाखवली तर मी ती पुसली. हिला उलट-सुलट कळते. माझ्यापेक्षा चांगली कळते."

"मी बघितलं होतं," मी म्हटलं.  "बेबी, फुली होती. मी बघितली होती आणि बोलले नाही."

सगळ्या मशीन थांबल्या होत्या. बेबी उभी राहिली. मला वाटलं ती रडेल, पण ती भडकली, आणि तिचा आवाज थेट बापाचा निघाला. "आठ महिने! आठ महिने मला वाटत होतं माझेच डोळे गेलेत! तेव्हा सांगायला काय झालं होतं, बाबा? मला भोगायला लावलंत! आणि मावशी, तू? माझ्याशी बोलायला आलीस, इथे बसून चहा प्यायलीस, तेव्हाही नाही सांगितलंस?"

 मी मास्तरांकडे बघितलं. या माणसाकडे कुठल्याही प्रश्नाला चौदा उत्तरं तयार असतात, हे मी एकोणीस वर्षं बघत आले होते. त्यांचे कान लाल झाले. हातातल्या टेपवर अंगठा एक इंच पुढे सरकला. मग आणखी एक. ते बोलले नाहीत. बेबी बोलत होती, तिचं सगळं साचलेलं बाहेर पडत होतं, आणि तिचा बाप मान खाली न घालता, मधे न तोडता, नुसता ऐकत होता. ती बोलून बोलून थकली, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बरोबर आहे तुझं."

बेबी खाली बसली. "मी परत येणार नाही."

"नको येऊस. मी ते मागायला आलो नाही."

परतताना मास्तर चपलेसाठी एकदाही थांबले नाहीत. संध्याकाळी ते वकीलसाहेबांकडे गेले आणि तिथेही तेच सगळं सांगून आले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "ताई, गेल्या आठ महिन्यांत पहिल्यांदा मला गाढ झोप लागली." मलाही लागली होती, पण मी सांगितलं नाही. एवढं सगळं एकदम कबूल करायची मला सवय नाही.

महिना गेला. मास्तर रोज बसत होते. कधी अकरा, कधी एकतीस, एकदा चक्क कंबर झाली. चोविसाव्या इंचावर आता कुणी थांबवत नाही म्हणाले.

एका सकाळी मी इस्त्रीत पाणी भरत होते. मास्तर पडद्याआड होते. दार हळूच उघडलं आणि बेबी आत आली, डबा हातात. तिने मला बोटाने गप्प राहायची खूण केली. पडद्याखालच्या पायांकडे बघितलं. दोन्ही पाय जमिनीवर, सरळ, बोटंसुद्धा हलत नव्हती. ती बराच वेळ बघत राहिली. मग माझ्या कानाशी येऊन पुटपुटली, "मावशी, हे बाबाच आहेत ना?"

माझा जीव असा भांड्यात पडला की काय सांगू. मी मान हलवली आणि पदराने तोंड पुसायचं निमित्त करून डोळे पुसले. "तुझ्यावरचा माझा राग अजून गेला नाही," तिने मला बजावलं, आणि माझा डबा उघडून भाजी कुठली आहे ते बघितलं.

मास्तर बाहेर आले. लेकीला बघून थबकले. मग टेबलाशी जाऊन त्यांनी राखून ठेवलेलं कोटाचं कापड पसरलं आणि कापायला घेतलं. कापून झालं, बाह्या जोडीने मांडून झाल्या. त्यांनी खिशातून खडू काढला, बघितला, आणि खिडकीशी झाकून ठेवलेल्या मशीनवर नेऊन ठेवला.

"बेबी, फुली तू मार."

तिने खडू उचलला. एकेक बाही खिडकीच्या उन्हात धरली, दोन्ही बाजू बघितल्या, पुन्हा बघितल्या, आणि फुली मारली. मास्तर हात पाठीमागे बांधून उभे होते. माझी इस्त्री फुसफुसत होती, आणि त्यावर ते काही म्हणाले नाहीत.

तेव्हापासून आमच्या दुकानात फुली बेबीच मारते. साठावा इंच अजून व्हायचाय.